हद्दीबाहेरचे कोल्हापूर

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. त्या दिवशी शहराचे क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर होते. पुढे पन्नास वर्षे उलटून गेली तरी ते तेवढेच राहिले. हद्दवाढीचे प्रस्ताव अनेकदा गेले, मोर्चे निघाले, गावे बंद राहिली, प्रतिमोर्चेही निघाले. हद्दीची रेषा मात्र हलली नाही. माणसे हलली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ९३ हजार होती, २०११ मध्ये ती ५ लाख ४९ हजार झाली. दहा वर्षांत अवघी अकरा टक्के वाढ पाहून कोणी हे शहर सुस्तावले असे म्हणेल, तर त्याने पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी, शिंगणापूर या बाजूंना एकदा फेरी मारावी. वाढ थांबली नव्हती. ती हद्दीच्या पलीकडे उतरली होती.

या गावांच्या वेशी आज सांगूनही ओळखता येत नाहीत. रस्त्याच्या एका बाजूचे घर महानगरपालिकेचा घरफाळा भरते, समोरचे ग्रामपंचायतीचा. २०१७ मध्ये शासनाने हद्दवाढीऐवजी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाची वाट काढली आणि करवीर व हातकणंगले तालुक्यांतील ४२ गावे त्याखाली आणली. बांधकामाचा नकाशा ग्रामपंचायतीकडून मंजूर करून घेण्याची सवय असलेल्या गावांना हा बदल जड गेला. पण प्राधिकरण आले म्हणून गटारे आली, असे झाले नाही. परवानगी देणारी संस्था एक, पाणी देणारी दुसरी आणि कचरा उचलणारी तिसरी, ही व्यवस्था नव्या घरमालकाला राहायला आल्यावरच उमगते.

कोल्हापूरला नवी वस्ती वसविणे नवे नाही. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि चारच वर्षांनी राजर्षी शाहू महाराजांनी स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. गुळाची बाजारपेठ म्हणून तिचे नाव पुढे देशभर गेले. वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने त्यांनीच वसविलेले जयसिंगपूर आजही आखीव रस्त्यांसाठी ओळखले जाते. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरी उभ्या राहिल्या. याच कारकिर्दीत दिवाणपदाची जबाबदारी सांभाळलेले अण्णासाहेब लठ्ठे हे दक्षिण भारत जैन सभेच्या आणि कोल्हापूरच्या सार्वजनिक जीवनाच्या इतिहासातले थोर नाव. राजारामपुरीतील क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्या पाहिल्या, की एक गोष्ट लक्षात येते: तेथे रस्ता आधी आखला गेला, घर मागाहून आले. गेल्या तीस वर्षांतील उपनगरांत क्रम नेमका उलटा झाला आहे. शेतातल्या बांधाच्या वळणाने पायवाट, पायवाटेच्या वळणाने रस्ता, आणि त्या रस्त्यावर समोरासमोर दोन मोटारी आल्या की एकीने मागे जायचे.

वळिवड्याची कथा तर आणखी निराळी. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथील छावणीत राहिले. ते गेले आणि फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे त्या जागी आली. आजचे गांधीनगर त्यांनी उभे केले. एका उपनगराच्या जमिनीखाली दोन देशांचे विस्थापन पुरलेले असावे, हे महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळेल.

मधल्या काळात मात्र बांधकाम व्यवसायाला ग्रहण लागले होते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने रोखीचा व्यवहार आटला. मे २०१७ पासून महारेरा, जुलैपासून वस्तू व सेवा कर. शिस्त आवश्यक होती, पण ती एकदम अंगावर आली. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने शहराचे अर्थकारण कोलमडले आणि सात महिन्यांत टाळेबंदी लागली. अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारतींच्या गजांना गंज चढला. परप्रांतीय कामगार पायी निघाले ते दृश्य महामार्गालगतच्या गावांनी पाहिले आहे.

पुनरुज्जीवनाची सुरुवात एका कागदाने झाली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात राज्याने मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची आणि त्यानंतर मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची सवलत दिली. दुय्यम निबंधक कार्यालयांसमोर रांगा लागल्या. त्याच डिसेंबरात एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिने पायाभूत चटई निर्देशांक बहुतेक ठिकाणी १.१० ठेवला, पण रस्त्याच्या रुंदीनुसार अधिमूल्य भरून आणि विकास हक्क विकत घेऊन त्यावर मजले चढविण्याची मुभा दिली. चार मजल्यांवर थांबणारे कोल्हापूर त्यानंतर मान वर करून पाहू लागले. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० ते मे २०२२ अशी दोन वर्षे चार टक्क्यांवर होता, तेव्हा कर्जही स्वस्त होते. पुढे तो साडेसहापर्यंत चढला आणि फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात साडेपाचवर आला. ३० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर व्याज नऊ टक्क्यांवरून आठवर आले, तर हप्ता सुमारे २६,९९० रुपयांवरून २५,०९० वर येतो. महिन्याचे हे एकोणीसशे रुपये मध्यमवर्गीय घरात लहान नसतात. मुलाच्या शिकवणीचे शुल्क त्यातून निघते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्याचाही आधार मिळाला.

शहराला नवी ओढही निर्माण झाली आहे. उजळाईवाडीच्या विमानतळाची नवी इमारत मार्च २०२४ मध्ये खुली झाली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणे येथे येतात. वकील आले, त्यांच्यामागे टंकलेखक, कारकून, भोजनालये आली आणि या सगळ्यांना निवारा हवा झाला. भाड्याची घरे शोधणाऱ्यांनी शहराच्या दक्षिण-पूर्व बाजूचे भाव वर नेले. न्याय जवळ आला याचा आनंद वाजवी आहे; नवविवाहित दांपत्याचे पहिले घर त्याच वेळी लांब गेले, हेही नोंदवायला हवे.

घर उभे राहते ते कोणाच्या तरी शेतात. करवीर तालुक्यातील नदीकाठची काळी जमीन म्हणजे उसाचे आगर. आपल्या समाजातील असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या मातीशी बांधलेली आहेत. एकरी उसाचे उत्पन्न आणि गुंठ्याचा भाव यांची तुलना सुरू झाली, की फड हरतो. एका एकरात चाळीस गुंठे. रस्ते आणि खुली जागा सोडूनही जे उरते त्याची किंमत साखर कारखान्याची कितीही बिले जोडली तरी गाठता येत नाही. म्हणून जमीन विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र विकल्यानंतर पैशाचे काय झाले, याचा हिशेब कितीतरी घरांत मोटार, लग्नसमारंभ आणि भाऊबंदकीचे दावे यांवर संपतो.

दोन गोष्टी अशा घरांनी सही करण्यापूर्वी समजून घ्यायला हव्यात. पहिली प्राप्तिकराची. शेतजमीन विकली की कर नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो खेड्यातील जमिनीपुरता खरा आहे. एक लाख ते दहा लाख लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून हवाई अंतराने सहा किलोमीटरपर्यंतची शेतजमीन भांडवली मालमत्ता मानली जाते आणि तिच्या विक्रीवरील नफ्यावर कर लागतो. कोल्हापूर या गटात मोडते. म्हणजे जेथे भाव चढले आहेत ती बहुतेक गावे या वर्तुळात येतात. अटी पाळून ठरलेल्या मुदतीत दुसरी शेतजमीन किंवा राहते घर घेतल्यास सवलत मिळते, पण ती विक्रीच्या आधी सल्ला घेणाऱ्यालाच नीट पदरात पाडता येते.

दुसरी गोष्ट बहिणींची. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मतः सहदायाद झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क तिला आहे, असे स्पष्ट केले. जमीन घेणारा विकासक आज प्रत्येक बहिणीची सही मागतो. मग सासरी नांदणाऱ्या बहिणीला बोलावणे जाते, साडीचोळी होते आणि हक्कसोडपत्र पुढे सरकवले जाते. चाळीस वर्षे ज्या जमिनीला भाव नव्हता तिचा हक्क बहिणीने मागितला नाही. भाव आल्यावर तिने तो तसाच सोडावा, ही अपेक्षा न्यायाची म्हणता येणार नाही. काही कुटुंबे नव्या इमारतीतील एक सदनिका बहिणीच्या नावे करतात. हा मार्ग अधिक घरांनी स्वीकारण्याजोगा आहे.

आता पाण्याचे. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेवढेच. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा येथे होड्या फिरल्या. पुणे-बंगळूर महामार्ग दोन्ही वेळा शिरोलीजवळ बंद पडला. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवे घर बांधता येत नाही. दोन रेषांमध्ये जोते लाल रेषेच्या वर घेऊनच बांधता येते. शंभर वर्षांतून एकदा, हे शब्द मात्र दोन वर्षांत दोन महापूर पाहिलेल्या माणसाला सांगणे कठीण आहे. शिवाय जोते उंच करण्यासाठी टाकलेला भराव पाण्याला जिरवत नाही, बाजूला सारतो. एकाच्या अंगणातला मुरूम शेजाऱ्याच्या माजघरातले पाणी होतो.

पुनर्वसनाचा एक जुना धडा जवळच आहे. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या ग्रामस्थांना सोनतळी येथे उंचावर भूखंड देण्यात आले. अनेकांनी तेथे घरे बांधलीही. पण शेत खाली, जनावरे खाली, देऊळ खाली. म्हणून गाव खालीच राहिले आणि २०१९ ला पुन्हा पाण्यात गेले. घर म्हणजे केवळ छप्पर असते तर सोनतळी कधीच भरून गेली असती.

पुराचे पाणी आठ दिवसांत ओसरते. सांडपाणी वर्षभर वाहते. महानगरपालिकेचे जयंती आणि दुधाळी हे नाले प्रक्रिया केंद्रांकडे वळविण्याचा प्रयत्न तरी झाला आहे. हद्दीबाहेरच्या गावांत बहुतांश घरांना शोषखड्डाच आहे. दोन गुंठ्यांत एक कुटुंब राहत होते तोपर्यंत ते चालले. त्याच जागेवर सोळा सदनिका उभ्या राहिल्या, की खड्डा भरतो, उघड्या गटाराला जोडला जातो, गटार ओढ्याला आणि ओढा पंचगंगेला मिळतो. नदी तेथून पुढे इचलकरंजीला जाते, मग शिरोळ तालुक्यात शिरते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. तिचे मूळ पाण्यातच होते. शिरोळच्या गावांत आपल्या समाजाची वस्ती किती दाट आहे, हे सांगायला नको. कोल्हापुरात घर घेतलेला मुलगा आणि नदीकाठच्या गावी राहणारे त्याचे आईवडील एकाच प्रवाहाच्या दोन टोकांना बसले आहेत. पाणी गाळून पिण्याचा नेम पिढ्यान्‌पिढ्या पाळणाऱ्या घरांनी आपल्या इमारतीचे सांडपाणी कोठे जाते, एवढे तरी विकासकाला विचारायला हवे. मोठ्या संकुलांना स्वतःचे प्रक्रिया केंद्र उभारावे लागते. ते उद्घाटनानंतर सहा महिन्यांनी चालू आहे का, हे पाहणे रहिवाशांच्या हाती असते.

पिण्याच्या पाण्याची स्थिती शहरात सुधारली. काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटर लांबीच्या थेट पाइपलाइनचे पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये पुईखडीला पोहोचले. त्यासाठी कोल्हापूरने किती दिवाळ्या वाट पाहिली, हा वेगळाच विषय. उपनगरांतील घरे मात्र अजून ग्रामपंचायतीच्या किंवा प्रादेशिक योजनांच्या भरवशावर आहेत. जाहिरातीत ‘चोवीस तास पाणी’ असे छापलेले असेल, तर ते नळाचे की कूपनलिकेचे की टँकरचे, हे विचारून घ्यावे.

घराची घडणही बदलली आहे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागे परडे, परड्यात आड, हा जुना आराखडा. सोप्यात आलागेला बसे, माजघरात बायका निवडटिपण करीत, परड्यात तुळस आणि म्हैस. टू बीएचकेने या सर्वांना सातशे-आठशे चौरस फुटांत कोंबले. बदलाची तक्रार करून उपयोग नाही, पण आराखडा ठरविताना काही गोष्टी मागून घेता येतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराला पश्चिमेचा किंवा दक्षिणेचा उजेड असलेले स्वयंपाकघर मिळाले, तर हिवाळ्यात साडेपाचला दिवा लावून भाकरी थापण्याची वेळ येत नाही. मुनिसंघ गावात असताना चौका लावायचा, तर दारापुढे पडगाहनासाठी मोकळी जागा हवी, आत शुद्ध पाण्याची सोय हवी, आहारासाठी महाराजांना उभे राहता येईल अशी स्वच्छ खोली हवी. सातव्या मजल्यावर हे साधणे अवघड आहे. म्हणून काही इमारतींत तळमजल्यावरील सभागृह त्या दिवसांपुरते वापरण्याची रीत पडली आहे. वृद्धांचा प्रश्न अधिक जवळचा. शुक्रवार पेठेतील मठापासून किंवा गल्लीतल्या मंदिरापासून सहा किलोमीटर दूर गेलेली आजी रोजच्या दर्शनासाठी नातवाच्या दुचाकीची वाट पाहते. घर घेताना मुले शाळेचे अंतर मोजतात; तिचेही अंतर त्याच पट्टीने मोजले जावे.

घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी बंधनकारक आहे. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशातील सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर दुरुस्ती त्यानेच करून द्यायची असते. विक्री चटई क्षेत्रावर व्हायला हवी. ‘सुपर बिल्टअप’चे आकडे ऐकून घ्यावेत आणि विसरावेत. बांधकाम चालू असलेल्या घरावर कर पाच टक्के. परंतु ४५ लाखांच्या आतील आणि ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राचे घर परवडणाऱ्या गटात मोडत असल्याने कोल्हापुरात त्यावर एकच टक्का कर लागतो. ४० लाखांच्या घरात हा फरक एक लाख साठ हजारांचा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर हा कर नाही. घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. ही सूट वाचविण्यासाठी का होईना, घरावर गृहिणीचे नाव लागत असेल तर ते चांगलेच.

गुंठेवारीच्या भूखंडाबाबत सावध असावे. बिगरशेती न झालेल्या जमिनीचे एक-दोन गुंठे साध्या मुद्रांक कागदावर लिहून घेणारी कुटुंबे या पट्ट्यात हजारोंनी सापडतील. सात-बारावर दहा नावे, त्यातले आपले कोणत्या कोपऱ्यात ते कोणालाच ठाऊक नाही, आणि बँक कर्ज देत नाही. शासनाने अशा घरांना नियमित करण्याच्या संधी वेळोवेळी दिल्या. पण सवलतीची वाट पाहत बांधलेले घर वीस वर्षे अर्ध्या झोपेत राहते.

या सर्व घरांच्या भिंती ज्यांच्या हातांनी चढल्या ते बहुतेक विजयपुराकडून किंवा उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले असतात. चालू इमारतीच्या कडेला पत्र्याच्या खोपट्यात त्यांचा संसार, आणि स्लॅब पडला की पुढच्या पत्र्याकडे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर त्यांच्या कल्याणासाठी वसूल होतो आणि नोंदणी केलेल्या कामगाराला मुलांच्या शिक्षणापासून उपचारापर्यंत साहाय्य मिळते. नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते काम देणाऱ्याने सही करून द्यायचे असते. आपला स्वतःचा बंगला बांधून घेणाऱ्या मालकाचाही त्यात समावेश होतो. एका घराच्या कामावर गवंडी आणि त्याची बायको सहज नव्वद दिवस राबतात, आणि सही करायला पाच मिनिटे लागतात.